पाडळशाचा रस्ता

मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकांना सायकल चालवता येत असेल. शाळेची घंटा होण्यापूर्वी पोहोचायचे असते, बाजारातून दळण किंवा भाजी आणायची असते. अशा वेळी आपण सायकल जोरात दामटतो. रस्त्यात काय दिसले, कोण भेटले, याकडे आपले लक्ष नसते. पण काही काम नसताना, कुठेही वेळेवर पोहोचायचे नसताना, तुम्ही कधी दिवसभर सावकाश सायकल चालवली आहे का?

मी चालवली आहे. त्या दिवशी सायकलीवर मी जे शिकलो, ते मला वर्गात बसून शिकता आले नव्हते. तीच हकीकत आज तुम्हांला सांगतो.

मी भुसावळचा. भुसावळ हे जळगाव जिल्ह्यातील रेल्वेचे मोठे गाव. आमच्या घरी उर्दू, गल्लीत उर्दू आणि शाळाही उर्दू माध्यमाची. मराठीच्या तासाला मी पुस्तक वाचत असे, अर्थ पाठ करत असे; पण बोलायची वेळ आली की माझी जीभ अडखळे. सर्वांत जास्त त्रास देई तो 'ळ'. आपल्या उर्दूत हे अक्षर नाही. माझ्या तोंडून 'काळा'चे 'काला' आणि 'शाळा'चे 'शाला' होई. गंमत अशी, की माझ्या गावाच्या नावातच 'ळ' आहे! मराठीत भुसावळ आणि आमच्या घरी मात्र भुसावल.

मी नववीत असताना, १९८७ साली, गावात आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा झाली. मी भाषण चांगले पाठ केले होते. व्यासपीठावर उभा राहिलो आणि पहिलेच वाक्य म्हणालो, "मी भुसावलला राहतो." मागच्या रांगेतील काही मुले हसली. एकजण हळूच म्हणाला, "भुसावलला!" मग दोघे-तिघे म्हणाले, "भुसावलला, भुसावलला!" पुढचे भाषण मला आठवेना. मी खाली उतरलो, तो थेट घरी आलो.

त्या दिवसापासून मी मराठी बोलणे सोडले. दुकानदाराला बोटाने वस्तू दाखवायची आणि पैसे द्यायचे. तोंडी परीक्षेत मी गप्प उभा राहिलो. सहामाहीच्या निकालात मराठीला १०० पैकी २७ गुण मिळाले. अब्बा रागावले, अम्मी काळजीत पडली. मी मात्र मनाशी ठरवून टाकले होते, की ही भाषा आपल्यासाठी नाही.

माझे मामू रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये फिटर होते. त्यांच्याकडे बावीस इंची काळी सायकल होती. सुटीच्या दिवशी ते तिच्यावर बसून एकटेच कुठेतरी जात आणि संध्याकाळी परत येत. त्यांनी माझा निकाल पाहिला. ते काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "रविवारी माझ्याबरोबर चल. एका दिवसासाठी सायकल भाड्याने घे."

डिसेंबरचा महिना होता. पहाटे थंडी होती. निघण्यापूर्वी मामूंनी दोन्ही सायकली तपासल्या. चाकांत हवा भरली, ब्रेक दाबून पाहिले, चेनला तेलाचे थेंब सोडले. पंप दांडीला बांधला. पिशवीत पाण्याची बाटली, पाने, रबराचे तुकडे आणि सोल्यूशनची नळी ठेवली. मग ते म्हणाले, "तीन नियम ऐक. पहिला, मोठ्या रस्त्याने जायचे नाही. तिथे ट्रक असतात. दुसरा, गप्पा मारता येतील एवढ्याच वेगाने चालवायची. धाप लागली, की वेग जास्त झाला असे समजायचे. आणि तिसरा नियम, रस्ता तू विचारायचा."

"मी?" मी दचकलो. "मामू, तुम्हांला तर रस्ता माहीत असेल!"

"मला माहीत असून काय उपयोग? आज तू पुढे आणि मी मागे."

आम्ही तापीचा पूल ओलांडला. नदीवर धुके होते. मित्रांनो, महाराष्ट्रातील गोदावरी, कृष्णा, भीमा या मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहतात. तापी मात्र पश्चिमेकडे वाहते. मध्य प्रदेशात मुलताई येथे ती उगम पावते आणि सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. हा प्रवास सुमारे ७२४ किलोमीटरचा आहे. नदीच्या काठाला पावसाच्या पाण्याने जमीन कापली जाऊन घळी पडल्या आहेत. तेवढी चढण चढून आपण वर आलो, की पुढे सारी जमीन तळहातासारखी सपाट. उत्तरेला सातपुडा दिसतो, निळ्या रेघेसारखा. तो डोंगर आणि नदी यांच्यामध्ये गाळाची काळी, सुपीक जमीन पसरली आहे. हजारो वर्षे नद्यांनी माती आणून टाकली, म्हणून ही जमीन अशी सपाट झाली.

"सातपुडा समोर दिसला, की समजायचे आपण घरापासून लांब चाललो," मामू म्हणाले. "तो पाठीशी आला, की घराकडे. या मैदानात एवढी खूण पुरे."

सपाट रस्त्यावर सायकल चालवणे सोपे, असे तुम्हांला वाटेल. ते खरे आहे, पण पूर्ण खरे नाही. इथे चढ नाही, तसा उतारही नाही. त्यामुळे सायकल आपोआप पळत नाही. पायडल सतत मारावे लागते. आणि वारा समोरून आला, तर तोच चढ होतो. म्हणून सपाट मुलखात घाई करणारा लवकर दमतो. सावकाश जाणारा संध्याकाळपर्यंत टिकतो.

मोठा रस्ता सोडून आम्ही गाडीवाटेला लागलो. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या. बागेच्या कडेने शेवरीची उंच, दाट रांग लावलेली होती. केळीची पाने वाऱ्याने लवकर फाटतात, म्हणून शेतकरी बांधावर शेवरी लावतात, हे मामूंनी सांगितले. आम्ही माणसाच्या चालण्याच्या साधारण दुप्पट वेगाने जात होतो. त्यामुळे सारे नीट दिसत होते आणि ऐकूही येत होते. पाटातून पाणी झुळझुळत होते. केळीच्या रुंद पानावरून दव खालच्या पानावर टपटप पडत होते. कुठे लांबसडक घड लोंबत होता आणि त्याच्या टोकाला जांभळे केळफूल होते. एका शेतात दादर ज्वारी उभी होती. एक म्हातारा बैलगाडीतून चालला होता. त्याने आमच्याकडे पाहून हात वर केला. मीही हात वर केला. मोटारीत बसलेल्या माणसाला कोणी असा हात करीत नाही.

थोडे पुढे गेल्यावर वाटेला दोन फाटे फुटले. मामू थांबले. "आपल्याला पाडळशाला जायचे आहे. विचार."

पाडळसे! त्या भागातील इतकी गावे सोडून मामूंनी नेमके 'ळ' असलेलेच गाव निवडले होते. समोर एक माणूस गवताचा भारा घेऊन येत होता. मी त्याच्याजवळ गेलो. तोंड उघडले आणि मिटले. मग नुसतेच दोन्ही वाटांकडे बोट दाखवले. त्याला वाटले, मी त्यालाच कुठे जातो ते विचारतो आहे. त्याने उजव्या वाटेकडे हात केला आणि तो निघून गेला.

आम्ही उजवीकडे वळलो. बराच वेळ सायकल चालवली. हळूहळू बागा संपल्या, बाभळी लागल्या आणि वाट एका खोल घळीच्या तोंडाशी येऊन संपली. पुढे खाली तापीचे पाणी चमकत होते. सातपुडा तर आमच्या पाठीशी होता!

"मामू, तुम्हांला माहीत होते?"

"होते."

"मग सांगितले का नाही?"

"तिसरा नियम," मामू म्हणाले आणि शांतपणे पाणी प्यायले.

आम्ही मागे फिरलो. मला स्वतःचा राग आला होता. एक शब्द बोललो असतो, तर एवढा फेरा पडला नसता. तेवढ्यात माझ्या सायकलीचे मागचे चाक जड झाले. खाली उतरून पाहिले, तर बाभळीचा लांब काटा टायरात घुसला होता आणि सगळी हवा निघून गेली होती.

मामूंनी सायकल उलटी केली आणि पाने लावून ट्यूब बाहेर काढली. काम करता करता ते म्हणाले, "ही हवेची ट्यूब कोणी काढली, ठाऊक आहे? बेलफास्ट शहरात डनलप नावाचे एक जनावरांचे डॉक्टर होते. त्यांच्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलीला भरीव चाके होती. ती फार दणके देत. म्हणून त्यांनी चाकाला रबराची नळी बसवून तिच्यात हवा भरली. १८८८ साली त्यांनी त्याचे पेटंट घेतले. त्याआधी सायकलस्वाराला पंक्चरची भीती नव्हती; पण हाडे खिळखिळी होत." मग ते थांबले. "छिद्र बारीक आहे, दिसत नाही. ट्यूब पाण्यात बुडवली, की बुडबुडे येतील. आपल्याला घमेलेभर पाणी लागेल. जा, घेऊन ये."

"बाटलीत पाणी आहे ना!"

"बाटलीत ट्यूब कशी बुडेल?"

आता सुटका नव्हती. जवळच्या केळीच्या बागेत एक खोपी होती. खोपीसमोर एक आजी चुलीवर वांगी भाजत बसल्या होत्या. हिरवे लुगडे, कपाळावर मोठे कुंकू. मी समोर जाऊन उभा राहिलो. माझ्या कानांत पुन्हा ते हसणे घुमू लागले. 'पाणी' या शब्दातला 'ण'देखील मला धड येत नसे. पण मागे मामू ट्यूब हातात धरून बसले होते.

"आजी," मी म्हणालो, "पानी पाहिजे. घमेलेभर."

मी हसण्याची वाट पाहू लागलो. आजी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "पानी? घे नं पोरा. त्या हौदातून घे. चाक फुटलं का?"

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. त्यांनीही 'पानी'च म्हटले होते!

मी घमेले भरून नेले. मामूंनी ट्यूब पाण्यात बुडवली. एका जागेतून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. तिथे खूण करून त्यांनी ट्यूब पुसली, घासली, सोल्यूशन लावले आणि रबराचा तुकडा चिकटवला. ते वाळेपर्यंत आजी आमच्याकडे आल्या. मामूंना म्हणाल्या, "भाऊ, सावलीत बसा. हा पोरगा कुठी चालला?"

मामू आकाशाकडे पाहू लागले. मला उत्तर देणे भाग होते.

"आम्हांला पाडलसेला जायचे आहे," मी एका दमात म्हणालो. "रस्ता चुकला. मला 'ळ' म्हणता येत नाही."

हे शेवटचे वाक्य मी का म्हणालो, ते मला अजूनही सांगता येणार नाही. लपवून लपवून मी कंटाळलो असेन.

"नाही येत तं काय झालं?" आजी म्हणाल्या. "आमी तरी कुठी म्हनतो? आमची ही केयीची बाग. आमचा हा मया. काहून लाजतो?"

केयी म्हणजे केळी. मया म्हणजे मळा. मित्रांनो, रावेर-यावल भागात जी बोली बोलतात, तिला लेवा गणबोली म्हणतात. या बोलीत पुष्कळ ठिकाणी 'ळ'चा 'य' होतो आणि 'ण'चा 'न' होतो. आपल्या जिल्ह्यातील थोर कवयित्री बहिणाबाई चौधरी याच बोलीत बोलत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. तरी त्यांची कविता १९५२ साली पुस्तकरूपाने निघाली आणि साऱ्या महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. हे सारे मला नंतर कळले. त्या दिवशी मला एवढेच कळले, की ज्या अक्षरासाठी मी दोन महिने तोंड शिवून बसलो होतो, ते अक्षर या अस्सल मराठी आजीसुद्धा म्हणत नव्हत्या. आणि तरीही त्या दिवसभर बोलत होत्या!

तेवढ्यात आजींचा मुलगा बागेतून आला. त्याने आम्हांला जेवायला बसवले. भाजलेल्या वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी होती. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेले पीठ. जेवताना तो शेतीविषयी बोलत होता. मी कान देऊन ऐकत होतो. तो म्हणाला, "खरिपाचा हंगाम बरा गेला. आता रब्बीचं पाहू. बागेला मजूर मिळत नाहीत. जमीन चांगली आहे. पण हवेचा भरवसा नाही."

माझा घास हातातच राहिला. खरीप, रब्बी, हंगाम, बाग, मजूर, जमीन, हवा! हे तर सारे आमच्या घरातले शब्द! अरबी आणि फारसीतून आलेले हे शब्द आपण उर्दूत वापरतो. तेच शब्द हा शेतकरी मराठीत वापरत होता. ते परके आहेत, असे त्याच्या मनातही नव्हते. ज्या भाषेला मी परकी म्हणत होतो, तिच्या शेतात माझ्या भाषेचे शब्द कितीतरी पिढ्यांपासून राबत होते.

निघताना आजींनी एका कापडी पिशवीत केळ्यांच्या दोन फण्या घातल्या. मामू पैसे देऊ लागले. आजी रागावल्या. म्हणाल्या, "पैसे ठेवा. पिशवी तेवढी परत आना."

त्यांनी सांगितलेल्या वाटेने आम्ही अर्ध्या तासात पाडळशाला पोहोचलो. तिथे चहा प्यायलो आणि मागे फिरलो. परत येताना वारा समोरून होता. पाय दुखत होते. पण मी सारखा बोलत होतो. मामू म्हणाले, "ध्यानात ठेव. परीक्षेत 'केळी'च लिहायचे. पुस्तकातली भाषा सर्वांसाठी एक असावी लागते, म्हणून ती शिकायची. पण मळ्यात कोणी 'केयी' म्हणाले, तर हसायचे नाही."

दोन आठवड्यांनी मी मामूंना पिशवीची आठवण केली. ते म्हणाले, "माझी ड्यूटी आहे. आजींनी पिशवी तुला दिली होती. तूच नेऊन दे."

मी एकटा निघालो. अम्मीने पिशवीत बेकरीतली नानखटाई भरली होती. त्या दिवशी मी सात वेळा रस्ता विचारला. सहा वेळा काही अडचण आली नाही. सातव्या वेळी माझ्याच वयाचा एक मुलगा भेटला. म्हशींना पाण्यावर नेत होता. मी म्हणालो, "पाडलसेचा रस्ता कोणता?"

तो फिसकन हसला. "पाडलसे?"

माझे कान गरम झाले. सायकल वळवून निघून जावे, असे वाटले. पण हँडलला आजींची पिशवी लोंबत होती. मी पाय खाली टेकवला आणि म्हणालो, "हो. मला 'ळ' नीट येत नाही. तुला येतो ना? मग शिकव."

त्याचे हसणे थांबले. तो जरा गोंधळला. मग म्हशींना तसेच सोडून माझ्याजवळ आला. आपले तोंड उघडून दाखवत म्हणाला, "हे पाहा, जीभ वर वळवायची. टोक टाळूला लावायचे आणि एकदम सोडायचे. म्हण, ळ."

"ल."

"तसे नाही. आणखी मागे वळव."

दहा-बारा वेळा म्हटल्यावर एकदा 'ळ' आला. आम्ही दोघेही ओरडलो. मग मी त्याला म्हणालो, "आता तू आमचा काफ म्हण." घशातून काफ कसा काढायचा, ते मी त्याला दाखवले. त्याने खूप प्रयत्न केला. प्रत्येक वेळी त्याच्या तोंडून साधा 'क'च निघाला. शेवटी त्याला ठसका लागला आणि आम्ही दोघे पोट धरून हसलो. त्या हसण्याने मला काहीच टोचले नाही.

आजींना पिशवी दिली. नानखटाई पाहून त्या खूश झाल्या. अजून दिवस बराच होता. मला वाटले, आता पुढेही जाऊन पाहावे. मी विचारत विचारत थेट फैजपूरपर्यंत गेलो. फैज म्हणजे कृपा, लाभ. हा शब्द तुम्हांला सांगायला नको. या फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. खेड्यात भरलेले काँग्रेसचे ते पहिलेच अधिवेशन. चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावातल्याच वस्तू वापरून तिथली सजावट केली होती. ही माहिती मला चहाच्या टपरीवर बसलेल्या एका आजोबांनी दिली. मी विचारले म्हणून त्यांनी दिली.

वार्षिक परीक्षेत मराठीला मला १०० पैकी ५४ गुण मिळाले. फार नाहीत, मला माहीत आहे. पण तोंडी परीक्षेत मी गप्प राहिलो नाही. "तू कुठे राहतोस?" असे परीक्षकांनी विचारले. मी जीभ वळवली आणि म्हणालो, "भुसावळला." ते पुढचा प्रश्न विचारू लागले. त्या एका अक्षरासाठी मी किती मैल सायकल चालवली होती, ते त्यांना काय ठाऊक!

मामू २००९ साली वारले. त्यांची काळी सायकल माझ्याकडे आहे. गेल्या हिवाळ्यात मी तिच्यावर बसून पुन्हा त्या वाटेने गेलो. बरेच काही बदलले आहे. गाडीवाट डांबरी झाली आहे. पाटाच्या जागी ठिबकच्या नळ्या आल्या आहेत. ऊतिसंवर्धित रोपे आली आहेत. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आता खिशातला फोनसुद्धा रस्ता दाखवतो. मी फोन खिशातच ठेवला आणि दोन फाट्यांपाशी उभ्या असलेल्या मुलीला विचारले, "बाळ, पाडळशाला कोणत्या वाटेने जाऊ?"

तिने डाव्या वाटेकडे हात केला आणि विचारले, "काका, एवढ्या लांबून सायकलीवर आलात?"

आजी आता नाहीत. त्यांचा मुलगा बागेत भेटला. त्याचे केस पांढरे झाले आहेत. मी नाव सांगितले, ते त्याला आठवेना. भुसावळ, पंक्चर, भरीत, सारे सांगून पाहिले. तो विचारात पडला. मग मी म्हणालो, "पिशवी परत करायला आलो होतो." त्याचा चेहरा एकदम उजळला. "नानखटाई!" तो म्हणाला. "माय लई दिवस सांगायची. पिशवी परत आननारा पोरगा."

आम्ही बांधावर बसलो आणि बराच वेळ बोललो. निघताना त्याने पिशवीत केळी घातली. ही पिशवीही मला परत करायची आहे.

मित्रांनो, तुमच्या गावाबाहेरही अशी एखादी शांत वाट असेल. सुटीच्या दिवशी घरी सांगून, एखाद्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन त्या वाटेने जा. चाकांत हवा आहे का, ब्रेक नीट लागतात का, ते आधी पाहा. डाव्या बाजूने चालवा. बरोबर पाणी ठेवा. घाई करू नका. आणि दोन फाटे लागले, की खाली उतरून कोणालातरी रस्ता विचारा. तुमचे मराठी चुकेल. चुकू द्या. रस्ता मात्र चुकणार नाही.